एमआरआयमध्ये गादी बाहेर आलेली दिसली म्हणजे नेमकं काय झालं? पाठ आणि मानेच्या इजांबद्दल सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: "वय ३८. जड खोका उचलताना कमरेत चमक भरली, दोन दिवस हलताही येत नव्हतं. आठवड्याभरात कंबर हलकी झाली, पण डाव्या पायात कळ सुरू झाली, मांडीच्या मागून थेट पोटरीपर्यंत. एमआरआयमध्ये एल४–एल५ आणि एल५–एस१ या दोन्ही जागी डिस्क बल्ज आणि 'डीजनरेटिव्ह चेंजेस' असं लिहिलंय. मान अधूनमधून आखडते म्हणून तिचाही एमआरआय केला, तर सी५–सी६ला बल्ज निघाला. कोणी म्हणतं मणक्यात गॅप आहे, कोणी म्हणतं तीन महिने झोपून राहा नाहीतर पाय जाईल. मणक्याची रचना असते तरी कशी, आणि मला नक्की काय झालंय?"

पाय जाण्याची भीती आधी बाजूला ठेवू या. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून कमरेतली एक नस चिडलेली दिसते. मी बरीच वर्षं मणक्यांच्या शस्त्रक्रिया करतो, आणि अशी कळ घेऊन आलेल्या बहुतेकांना शस्त्रक्रियेविनाच बरं होताना पाहतो. रिपोर्टचा कागद हातात पडल्यावर आयुष्यभरासाठी अपंग झालो असं धरून बसलेली माणसं भेटली की मनापासून वाईट वाटतं. त्या भीतीचा मोठा भाग रचना समजली की निघून जातो. म्हणून सुरुवात रचनेपासून करतो, पण इजा कळायला लागेल तेवढीच.

पाठीच्या कण्यात ३३ मणके धरतात. मानेत ७, छातीमागे १२, कमरेत ५, त्याखाली एकमेकांत जुळून गेलेले ५ (यांची मिळून त्रिकास्थी), आणि टोकाला साधारण ४ बारीक हाडांचं माकडहाड. सुटे, हलणारे मणके वरचे २४च. रिपोर्टमधली अक्षरं याच विभागांची आहेत: सी म्हणजे मान, टी किंवा डी म्हणजे छातीमागचा भाग, एल म्हणजे कंबर, एस म्हणजे त्रिकास्थी. एल४–एल५ म्हणजे कमरेचा चौथा आणि पाचवा मणका यांच्यामधली जागा.

बाजूने पाहिलं तर कणा सरळ नसतो. मान आणि कंबर पुढच्या बाजूला झुकलेली, छातीमागचा भाग मागे फुगलेला. जन्मतः बाळाचा सगळा कणा एकाच बाजूला वाकलेला असतो. बाळ मान धरायला लागलं की मानेचा बाक तयार होतो, उभं राहून चालायला लागलं की कमरेचा. रिपोर्टमध्ये 'लॉस ऑफ लॉर्डोसिस' असं लिहिलेलं असतं ते या बाकाबद्दल. स्नायू आखडले असले किंवा माणूस यंत्रात विशिष्ट पद्धतीने झोपला असला तरी हा बाक सपाट दिसतो. ते वाक्य वाचून घाबरायचं कारण नाही.

प्रत्येक मणक्याचे ढोबळ दोन भाग. पुढे हाडाचा भरीव ठोकळा, जो वजन पेलतो. मागे हाडाची कमान. ठोकळा आणि कमान यांच्यामध्ये पोकळी राहते, आणि एकावर एक आलेल्या या पोकळ्यांची नळी बनते. त्या नळीतून मज्जारज्जू जातो. कमानीच्या दोन्ही बाजूंना वरच्या-खालच्या मणक्यांना जोडणारे छोटे सांधे असतात, त्यांना फॅसेट सांधे म्हणतात. कोणता भाग कुठल्या दिशेला किती हलेल हे हे सांधे ठरवतात. कमरेत ते जवळजवळ उभे आणि पुढून मागे असे बसलेले असतात, त्यामुळे कंबर पुढे-मागे चांगली वाकते, पण पिळली जाते फारच थोडी, दर जोडीला जेमतेम दोन-तीन अंश. आपण कमरेत वळतो असं वाटतं तेव्हा प्रत्यक्षात बहुतेक वळण खुबे आणि छातीमागचा कणा देत असतात.

आता गादी, म्हणजे डिस्क. अशा २३ गाद्या असतात. डोकं आणि पहिला मणका, पहिला आणि दुसरा मणका या दोन जागा सोडल्या तर त्रिकास्थीपर्यंत प्रत्येक जोडीमध्ये एक. गादीच्या मध्यभागी पाण्याने भरलेला मऊ गर, आणि त्याच्याभोवती चिवट तंतूंची १५ ते २५ कडी. एका कड्यातले तंतू एका बाजूला तिरके, पुढच्यातले उलट बाजूला. गादी वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट चिकटलेली असते, त्यामुळे ती अख्खी जागेवरून निसटत नाही. लोक 'गादी सरकली' म्हणतात तेव्हा घडलेलं असतं ते असं: कड्यांना चीर पडते, आणि आतला गर त्या चिरेतून मागच्या बाजूला ढकलला जातो. तो कड्यांना नुसता फुगवत असेल तर बल्ज, एका जागी टेंगूळ आणत असेल तर प्रोट्रूजन, कडी फोडून बाहेर आला तर एक्स्ट्रूजन, आणि तुकडा सुटून नळीत पडला तर सिक्वेस्ट्रेशन. वाढती तीव्रता याच क्रमाने. तुमच्या रिपोर्टमधला शब्द यातला सगळ्यात सौम्य आहे.

'गॅप'बद्दल दोन वाक्यं. एक्स-रेमध्ये गादी दिसत नाही, हाडंच दिसतात, त्यामुळे दोन मणक्यांमध्ये रिकामी जागा असल्यासारखं चित्र प्रत्येक निरोगी माणसातही दिसतं. वयाबरोबर गादीतलं पाणी कमी होतं आणि ती जागा उलट कमी होत जाते.

मोठ्या माणसाच्या गादीला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळपास नसतातच. तिचं पोषण वरच्या-खालच्या हाडांतून झिरपत येतं, आणि या झिरपण्याला हालचालीची मदत होते. दिवसभर वजन पेलताना गादीतलं पाणी थोडं पिळून निघतं, रात्री झोपेत परत भरतं. सकाळी उठल्यावर माणसाची उंची संध्याकाळपेक्षा एक-दोन सेंटिमीटर जास्त भरते ती याचमुळे. याचा व्यवहारातला उपयोग मोठा आहे. सकाळी गादी टम्म फुगलेली असते, वाकताना कड्यांवर ताण जास्त येतो, म्हणून कळ चालू असलेल्या माणसाने उठल्यानंतरचा पहिला तास खोल वाकणं आणि वजन उचलणं टाळावं.

वेदना कळवणारे तंतू निरोगी गादीच्या फक्त बाहेरच्या कड्यांमध्ये असतात. त्यामुळे बाहेरच्या कड्यांना चीर पडली की नस दबलेली नसतानाही कंबर भयंकर दुखू शकते. तुमची पहिल्या दोन दिवसांतली अवस्था अशीच काहीशी असावी: चीर पडली आणि तिच्या बचावासाठी पाठीचे स्नायू आखडून बसले.

खोका उचलताना गादीवर किती दाब येतो हे प्रत्यक्ष मोजलं गेलंय. स्वीडनमध्ये आल्फ नाकेमसन यांनी १९६०च्या दशकात गादीत सुई घालून मोजमापं केली. १९९९मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात एका निरोगी स्वयंसेवकाच्या एल४–एल५ गादीत दाबमापक बसवून दिवसभराच्या हालचाली नोंदवल्या. उताणं झोपल्यावर दाब ०.१ मेगापास्कल (दाब मोजायचं एकक), उभं असताना ०.५, पाठ गोल करून २० किलो उचलताना २.३, तेच वजन गुडघे वाकवून अंगाजवळून उचलताना १.७. नुसतं हातात धरून उभं राहिलं आणि वजन छातीजवळ असलं तर १.१, छातीपासून ६० सेंटिमीटर पुढे धरलं तर १.८. वजन तेवढंच, फक्त अंगापासून लांब गेलं. हे आकडे मी रुग्णांना आवर्जून सांगतो, कारण 'ओझं अंगाशी धरा' हा सल्ला त्याशिवाय मनात बसत नाही. वाकून पिळत उचलणं त्याहून वाईट, कारण पिळताना निम्म्या कड्यांचे तंतू ताणले जातात आणि निम्म्यांचे सैल पडतात, म्हणजे सगळा भार निम्मीच कडी पेलतात.

तरी सगळा दोष त्या एका खोक्यावर टाकू नका. फिनलंडमधल्या जुळ्या भावांवरच्या अभ्यासात (१९९५) असं दिसलं की गादीची झीज ठरवण्यात कामाच्या ओझ्यापेक्षा आनुवंशिकतेचा वाटा जास्त आहे. खोका हे शेवटचं निमित्त असतं.

आता मज्जारज्जू आणि नसा. ज्याने तुम्हाला पाय जाईल असं सांगितलं त्याला बहुधा ही गोष्ट ठाऊक नसावी: मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळच संपतो. त्याखाली नळीत फक्त सुट्या नसांचा झुबका लोंबत असतो, घोड्याच्या शेपटीच्या केसांसारखा. वैद्यकात त्याला कॉडा इक्वायना म्हणतात. तुमचे दोन्ही बल्ज मज्जारज्जू संपल्यानंतरच्या भागात आहेत. तिथे दबली तर एखादी नस दबते, आणि सुट्या नसांना बाजूला सरकायला थोडी जागाही असते. मानेत मात्र परिस्थिती वेगळी आहे, तिकडे नंतर येतो.

कण्यातून नसांच्या ३१ जोड्या बाहेर पडतात. मानेत मणके ७ पण नसांच्या जोड्या ८. मानेतली नस आपल्या क्रमांकाच्या मणक्याच्या वरून बाहेर पडते, आठवी सातव्याच्या खालून, आणि तिथून पुढे प्रत्येक नस आपापल्या मणक्याच्या खालून. कमरेत एल४ नस गादीच्या पातळीच्या वरच बाहेर निघून गेलेली असते, म्हणून एल४–एल५ची गादी नेहमीच्या जागी मागे आली तर दबते ती खाली जाणारी एल५ नस. एल५–एस१च्या गादीने एस१ दबते. कमरेतल्या फुटलेल्या गाद्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त याच दोन जागांवर असतात, कारण सगळ्यात जास्त वाकणं आणि सगळ्यात जास्त भार इथेच येतो.

कुठली नस दबली हे बऱ्याचदा एमआरआयच्या आधी पायच सांगतो. एल४ची कळ मांडीच्या पुढून गुडघ्यावरून नडगीच्या आतल्या बाजूला जाते, गुडघ्याचा झटका (डॉक्टरांनी हातोडीने ठोकल्यावर पाय आपोआप उडतो तो) मंदावतो. एल५ची कळ नडगीच्या बाहेरच्या बाजूने पावलाच्या वरच्या भागावर, अंगठ्याकडे जाते, आणि अंगठा वर उचलायची ताकद कमी होते. एस१ची कळ मांडी-पोटरीच्या मागून टाच, तळवा आणि करंगळीच्या बाजूला उतरते. टाचेमागचा झटका जातो, त्या एका पायाच्या चवड्यावर उभं राहता येत नाही. तुमच्या वर्णनावरून एस१चा संशय जास्त येतो. टाचांवर चार पावलं चालून पाहा, मग भिंतीला हात टेकवून डाव्या पायाच्या चवड्यावर दहा वेळा उठून पाहा. दोन्ही नीट जमत असतील तर नसेची ताकद शाबूत आहे. माझ्या लेखी रिपोर्टच्या दोन पानांपेक्षा याला जास्त किंमत आहे.

रिपोर्टचं काय करायचं मग? कंबर कधीच न दुखलेल्या माणसांचे एमआरआय काढून पाहिलेले आहेत. १९९४मध्ये अमेरिकेत ९८ निरोगी माणसं तपासली, त्यातल्या ५२ टक्के लोकांना किमान एका जागी बल्ज होता. २०१५मध्ये अशा अनेक अभ्यासांतल्या तीन हजारांवर माणसांची आकडेवारी एकत्र केली गेली. अजिबात दुखणं नसलेल्या चाळिशीतल्या लोकांपैकी ६८ टक्क्यांमध्ये गादीची झीज (तुमच्या रिपोर्टमधले 'डीजनरेटिव्ह चेंजेस' म्हणजे हीच) आणि ५० टक्क्यांमध्ये बल्ज. विशीतसुद्धा झीज ३७ टक्के. केस पांढरे होतात तशा गाद्या सुकतात. मात्र एक्स्ट्रूजन, म्हणजे कडी फोडून बाहेर आलेला गर, निरोगी लोकांत क्वचितच सापडतो, त्याला मी गांभीर्याने घेतो. नियम सोपा आहे: दुखण्याची बाजू, नसेचा पट्टा, तपासणीतल्या खुणा आणि चित्र हे सगळं एकमेकांशी जुळलं तरच चित्राला अर्थ. डाव्या पायात कळ आणि बल्ज उजवीकडे असेल तर तो बल्ज निर्दोष आहे.

फुटलेली गादी आयुष्यभर तशीच राहते हाही गैरसमज. बाहेर आलेल्या गराला शरीर परकं समजतं, रक्तातल्या पेशी येऊन तो हळूहळू खाऊन टाकतात. गंमत अशी की जितका तुकडा मोठा आणि सुटा, तितका तो विरघळण्याची शक्यता जास्त. अनेक अभ्यास एकत्र पाहिले तेव्हा सुट्या तुकड्यांपैकी ९६ टक्के आपोआप आकसलेले दिसले, एक्स्ट्रूजनपैकी ७० टक्के, प्रोट्रूजनपैकी ४१ टक्के, साध्या बल्जपैकी १३ टक्के. बल्ज आकसला नाही तरी कळ थांबते, कारण कळ नुसत्या दाबाची नसते. नसेभोवती आलेली सूज हा तिचा मोठा भाग, आणि सूज काही आठवड्यांत ओसरते.

तीन महिने झोपून राहा हा सल्ला मात्र नुकसान करणारा आहे, तो पाळू नका. १९८६मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत कंबर धरलेल्या काही रुग्णांना दोन दिवस विश्रांती सांगितली, काहींना सात दिवस. दोन दिवसवाल्यांचे कामाचे खाडे ४५ टक्क्यांनी कमी झाले आणि बाकी बरं होण्यात दोन्ही गट सारखेच राहिले. पुढच्या अभ्यासांचा कलही तोच: कळ सहन होईल तितकं रोजचं हालणं-चालणं चालू ठेवणारे लवकर सावरतात. पडून राहिल्याने स्नायू झपाट्याने बारीक होतात, गादीचं पोषण मंदावतं आणि मनात भीती घर करते. कमरेचा पट्टा प्रवासापुरता, चार दिवसांपुरता ठीक. दिवसरात्र बांधून ठेवू नका.

शस्त्रक्रिया कधी? पायाची ताकद कमी होत चालली असेल तर लवकर. नाहीतर सहा ते आठ आठवडे नीट उपचार करूनही पायातली कळ जगू देत नसेल, आणि चित्र तिच्याशी जुळत असेल, तर विचार करायचा. २००७मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या चाचणीत सायटिकाचे, म्हणजे नस दबून पायात उतरणाऱ्या कळीचे, २८३ रुग्ण दोन गटांत विभागले होते. लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांची कळ लवकर थांबली, पण वर्षाअखेर दोन्ही गट जवळपास सारख्याच अवस्थेत होते. थांबलेल्या गटातल्या ३९ टक्के लोकांना पुढे शस्त्रक्रिया घ्यावी लागली, हेही लक्षात ठेवा. म्हणजे शस्त्रक्रियेने वेळ वाचतो, आणि तो वेळ किती मोलाचा हे रुग्णाने ठरवायचं. शस्त्रक्रिया पायाच्या कळीसाठी असते. नुसत्या कंबरदुखीसाठी गादी काढून फारसा फायदा होत नाही, हे मी प्रत्येकाला आधीच स्पष्ट सांगतो.

एका परिस्थितीत मात्र एक रात्रही थांबायचं नाही. गादीचा मोठा तुकडा नळीच्या मधोमध पडून नसांचा तो संपूर्ण झुबका दाबला गेला तर लघवी अडते किंवा भरल्याचं कळतच नाही, संडासवरचा ताबा जातो, जांघेत, गुदद्वाराभोवती, खोगीर टेकेल तेवढ्या भागात बधिरपणा येतो, दोन्ही पायांत कळ किंवा कमजोरी येते. हे कॉडा इक्वायना सिंड्रोम. क्वचित होतं, पण यात तास मोजावे लागतात. पहिल्या ४८ तासांत दाब काढला तर लघवीचा ताबा परत येण्याची आशा चांगली, आणि ताबा पूर्ण जाण्याच्या आधीच पोचलात तर सगळ्यात चांगली. लाजेपोटी लोक लघवीचं सांगत नाहीत, म्हणून मीच विचारतो. तुम्हीही स्वतःला विचारा.

याशिवाय ताप, रात्री घाम, वजन घटणं, झोपूनही न थांबणारं दुखणं, पूर्वी कर्करोग झालेला असणं, लांब काळ स्टेरॉइड घेतलेलं असणं यांपैकी काही असेल तर कंबरदुखीला साधं समजू नये. मणक्यांचा क्षयरोग असाच दबक्या पावलांनी येतो, औषधांनी बरा होतो, पण उशीर झाला तर कुबड आणि लुळेपणा देऊन जातो. आणि चाळिशीच्या आतल्या माणसाची कंबर पहाटे अर्ध्या तासाहून जास्त ताठरत असेल आणि हालचालीने मोकळी होत असेल, तर संधिवाताच्या गटातला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस डोक्यात आणायला हवा.

कमरेच्या बाकीच्या इजा थोडक्यात. वाढत्या वयाच्या खेळाडूंमध्ये, विशेषतः वेगवान गोलंदाज आणि जिम्नॅस्ट मुलांमध्ये, कमानीच्या अरुंद भागाला पुन्हापुन्हा मागे वाकून ताणाची चीर पडते, बहुतेक वेळा पाचव्या मणक्यात. मागे झुकल्यावर एका बाजूला दुखतं. लवकर ओळखून खेळ काही महिने थांबवला तर हाड जुळू शकतं. साठीनंतर नळी अरुंद होते, थोडं चाललं की पाय जड होतात, पुढे वाकून उभं राहिलं किंवा बसलं की मोकळं वाटतं. हे स्टेनोसिस. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यावरही चालताना पाय भरून येतात, पण तिथे नुसतं उभं राहूनही आराम पडतो, वाकायची गरज लागत नाही.

हाडं ठिसूळ झालेल्या वृद्धांमध्ये, त्यातही रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांमध्ये, साध्या खोकल्याने किंवा बादली उचलल्यानेही मणक्याचा ठोकळा पुढच्या बाजूने चेपतो. छातीचा कणा संपून कंबर सुरू होते तिथले, म्हणजे टी१२ आणि एल१ हे मणके सगळ्यात जास्त मोडतात, कारण बरगड्यांनी ताठ धरलेला भाग इथे अचानक लवचीक भागाला मिळतो. अनेकदा ही मोड लक्षातच येत नाही. आईची उंची कमी झालीय, पाठीला पोक आलाय, एवढंच घरच्यांना दिसतं. अशी एक मोड सापडली की पुढची टाळण्यासाठी हाडांच्या ठिसूळपणावर औषध सुरू करणं हे त्या मोडीच्या उपचाराइतकंच महत्त्वाचं आहे. उंचावरून पायावर पडलेल्या माणसाच्या टाचा मोडल्या असतील तर हाच भाग तपासल्याशिवाय त्याला उभं करू नये. टाचेतून चढलेला दणका मणक्याचा ठोकळा फोडतो आणि हाडाचे तुकडे नळीत शिरू शकतात.

आता मान. साडेचार-पाच किलोचं डोकं सात छोट्या मणक्यांवर तोललेलं असतं. पहिल्या मणक्याला ठोकळाच नसतो, तो नुसती कडी असते. दुसऱ्या मणक्यातून दातासारखा सुळका वर येऊन त्या कडीत बसतो. होकाराची मान मुख्यतः डोकं आणि पहिल्या मणक्यामध्ये हलते, नकाराची पहिल्या आणि दुसऱ्यामध्ये. मानेच्या एकूण वळण्यापैकी जवळपास निम्मं या एका जागेवर होतं. मेंदूकडे जाणाऱ्या चार मोठ्या धमन्यांपैकी दोन मानेच्या मणक्यांच्या बाजूच्या छिद्रांतून वर चढतात. आखडलेली मान कोणाकडून झटक्याने कडकन मोडून घेऊ नका म्हणतो ते याच धमन्यांसाठी. त्यांचं आतलं अस्तर फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणं थोडी असली तरी खरी आहेत, आणि सकाळी आखडलेली मान तशीही बहुधा आठवड्याभरात सुटते. शेक, हलक्या हालचाली आणि लागल्यास दोन-चार दिवस वेदनाशामक, एवढं पुरतं.

मागून गाडी आदळल्यावर मानेला बसणारा हिसका ही वेगळी इजा. धडाला आसन पुढे ढकलतं, डोकं क्षणभर जागेवरच राहतं. त्या क्षणी मानेचा खालचा भाग मागे वाकतो आणि वरचा पुढे, मान एसच्या आकाराची होते आणि फॅसेट सांध्यांची आवरणं ताणली जातात. दुखणं अनेकदा दुसऱ्या दिवशी सुरू होतं, म्हणून लोकांना अपघाताशी संबंध जोडता येत नाही. मोड नाही याची खात्री झाली की गळपट्टा लवकर काढून मान हळूहळू हलवायला लागणं, हे या दुखण्यात चांगलं. खबरदारी म्हणून गाडीतला डोक्यामागचा टेकू डोक्याच्या माथ्याच्या उंचीला आणि डोक्याच्या अगदी जवळ ठेवा. मानेमागे खाली असलेला टेकू उपयोगाचा नाही.

मानेतल्या गाद्या बहुतेक सी५–सी६ आणि सी६–सी७ला बाहेर येतात. पहिल्या जागी सी६ नस दबते, कळ दंडावरून अंगठ्याकडे जाते. दुसऱ्या जागी सी७, कळ मधल्या बोटाकडे, आणि कोपर ताणून सरळ करायची ताकद कमी होते. तुमच्या हातात कळ नाही, मुंग्या नाहीत, त्यामुळे तो सी५–सी६चा बल्ज सध्या फक्त कागदावर आहे.

पण मानेत मज्जारज्जू आहे, आणि तो दाबला जाण्याची लक्षणं फसवी असतात. बऱ्याचदा दुखतच नाही. शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळतात, अक्षर बिघडतं, हातातून वस्तू निसटतात, अंधारात चालताना तोल जातो, पाय ताठरल्यासारखे वाटतात. लोक याला वय झालं म्हणून सोडून देतात. याला मायलोपॅथी म्हणतात. हिच्यात वाट पाहण्याला मर्यादा आहे, कारण शस्त्रक्रियेने बिघाड थांबवता येतो पण गेलेलं सगळं परत आणता येतंच असं नाही. यातलं काही जाणवलं तर दुखत नसलं तरी दाखवा.

अपघातात मानेला मार लागलेला माणूस समोर असेल, तर त्याला ओढून बसवू नका, पाणी पाजू नका. डोकं दोन्ही हातांनी आहे त्या रेषेत धरून ठेवा आणि मदत येईपर्यंत बोलत राहा. हलवणं भागच असेल तर डोकं, खांदे, कंबर एकाच वेळी, एका रेषेत. श्वास चालू ठेवणं मात्र या सगळ्याच्या आधी. उथळ पाण्यात डोक्याकडून सूर मारणं हे तरण्या मुलांच्या दोन्ही हातापायांची ताकद जाण्याचं एक कारण आहे, आणि ते पूर्णपणे टाळता येतं. तळ दिसत नसेल तर सूर मारू नये, हे मुलांना पोहायला शिकवतानाच सांगा.

आता तुमच्यासाठी. टाच-चवड्याची चाचणी जमत असेल आणि लघवी-संडास नीट असेल, तर रोज दोन-तीनदा थोडं थोडं चालायला लागा, दहा मिनिटांपासून. एका जागी अर्ध्या तासाहून जास्त बसू नका. ज्या स्थितीत कळ पोटरीतून वर, कमरेकडे सरकते ती स्थिती तुमच्या फायद्याची. काहींना पालथं झोपून कोपरांवर उठल्याने तसं होतं, काहींना गुडघे पोटाशी घेऊन. कळ खाली पावलाकडे उतरत असेल तर तो व्यायाम सोडा, मग तो कोणीही सांगितलेला असो. वेदनाशामक गोळ्या पोटाचे, मूत्रपिंडाचे आणि रक्तदाबाचे त्रास डॉक्टरांना सांगूनच घ्या. कळ उतरली की दोन-तीन आठवड्यांनी फिजिओथेरपिस्टकडून पाठ, पोट आणि नितंबाच्या स्नायूंचे व्यायाम सुरू करा, आणि वजन उचलणंही थोड्या किलोंपासून परत शिका. धूम्रपान करत असाल तर ते सोडा, त्याने गादीचं आधीच तुटपुंजं पोषण आणखी घटतं.

सहा आठवड्यांनी पायातली कळ निम्म्यानेही कमी झाली नसेल, किंवा मध्येच चवड्यावर उठणं जमेनासं झालं, तर मणक्याच्या डॉक्टरांना दाखवा. जाताना रिपोर्टच्या कागदाबरोबर एमआरआयची मूळ फिल्म किंवा सीडी न्या आणि कळ कुठून कुठे जाते ते स्वतःच्या बोटाने पायावर काढून दाखवा. मानेचा एमआरआय सध्या बाजूला ठेवा. हातात मुंग्या किंवा वर लिहिलेली बटणांची तक्रार सुरू झाली तरच तो उघडायचा.